उन्हाच्या पेटीतले आवाज

१३ फेब्रुवारी २००५, सेलू

अण्णाजींचा हुकूम झाला म्हणून ही वही उघडली. "गजेंद्र, कोणत्या टेपचं काय केलं ते लिहून ठेवजो. वर गेल्यावर कोनी विचारलं तं मले सांगता आलं पाह्यजे."

अण्णाजी वर्ध्याच्या शाळेत गाणं शिकवायचे. सहावीत मी प्रार्थना इतकी बेसूर म्हणायचो की त्यांनी मला रांगेतून काढून शाळेचा मोडका ग्रामोफोन उघडायला बसवलं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा माझा धंदा तिथूनच सुरू झाला म्हणायचा. आमचं घराणं किराण्याचं. दुकान धाकट्या भावानं घेतलं, मी बाजूच्या खोलीत सोल्डरिंगचा धूर करत बसतो. वय बेचाळीस. लग्न झालेलं नाही. दोनदा जमता जमता राहिलं, मग वडील गेले, मग कुणी विचारेनासं झालं. घरात आई आणि मी.

तर आज अण्णाजींनी एक पत्र्याची पेटी माझ्या हवाली केली. आत नुसत्या स्पूलच्या टेपा. पन्नास सालानंतर ते जगभरातल्या आठ-दहा माणसांशी टेपांची अदलाबदल करत आले. इकडून आपली भजनं, महादेवाची गाणी, डाक वाजवून म्हणतात तो डहाका जायचा. तिकडून त्यांच्या देवळातलं, शेतातलं, लग्नातलं गाणं यायचं. इथिओपिया, नॉर्वे, बाली. सगळ्यात जास्त टेपा जॉर्जियाच्या गिवीच्या. तो मुलूख तेव्हा रशियात होता. सेवाग्रामला आलेल्या एका पाहुण्यानं दोघांना एकमेकांचा पत्ता दिला होता. याला त्याची भाषा येत नाही, त्याला याची नाही. टेपच्या सुरुवातीला आपलं नाव सांगायचं आणि गाणं सुरू करायचं. वीस-पंचवीस वर्षं असंच चाललं.

गिवीची शेवटची टेप चौऱ्याऐंशी साली आली. मशीनवर चढवल्याबरोबर ती किंचाळली आणि अडकून बसली. त्यानंतर गिवीकडून काही आलं नाही. ती टेप अण्णाजींनी अजून ऐकलेली नाही.

त्यांचा डावा कान पूर्ण गेला आहे. उजव्याचा या वर्षानंतर भरवसा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. "बाकीचं जग मागून ऐकू," अण्णाजी म्हणाले. "गिवी काय म्हनत होता तेवढं आयकव."

मी हो म्हणून आलो. कसं करायचं ते माहीत नाही.

१६ फेब्रुवारी

अण्णाजींचं टेप वाजवायचं जुनं मशीन चालू झालं. पट्टा बदलला, हेड साफ केलं. पण टेपा चालत नाहीत. गिवीच्या टेपला हात लावायची हिंमत झाली नाही, बालीची एक चढवली. दोन वेढे फिरली आणि चाकाखाली मांजर यावं तशी ओरडली. हेडवर तपकिरी चिकटा जमला. आई आतून म्हणाली, "काऊन मारून राह्यला रे कोनाले?"

वर्ध्याच्या सायबर कॅफेत बसून वाचलं. सत्तर-ऐंशी सालच्या काही टेपांचा लेप हवेतली ओल पिऊन चिकट होतो. त्यांना पन्नास-पंचावन्न अंशांवर सावकाश शेकायचं. मग थोडे दिवस त्या ठीक चालतात. तेवढ्यात आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. जास्त तापली तर संपली.

पण दिवसभर एकसारखी पन्नास अंश उष्णता आणायची कुठून? बेकरीची भट्टी फार तापते. आईनं कुकर सुचवला. ती थट्टा करत होती की काय, कळलं नाही.

२२ फेब्रुवारी

आज बाजारात एका बाईकडं वाळलेल्या मेथीची पाकिटं दिसली. पानं हिरवीगार, जणू आत्ताच खुडलेली. मी विचारलं, "ऊन देऊनही हिरवी कशी राह्यली?"

"उघड्या उन्हात नाई वाळवत भाऊ. काचेची पेटी हाय आमच्या गटाजवळ, सोलर ड्रायर. पन्नासच्या वर काटा गेला का मी झडप उघडतो. नाई तं मेथी काळी पडते."

मी दहा पाकिटं घेतली. मग म्हटलं, "तुमच्या पेटीत मले टेप वाळवू द्याल का?"

"कायची टेप?"

"गान्याची."

तिनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "अनुसयाबाई, आयकलं का व? गानं ओलं झालं म्हने यांचं."

हिंगणीच्या आहेत. नाव वच्छलाबाई. पाच-सहा बायकांचा बचत गट आहे, भाजी पिकवतात आणि उरलेली वाळवतात. रविवारी या म्हणाल्या.

आई विचारते, दहा पाकिटं मेथीचं करायचं काय.

२७ फेब्रुवारी

हिंगणीला जाऊन आलो. लुनाच्या पायापाशी मशीन, कॅरिअरला इन्व्हर्टरची बॅटरी, गळ्यात टेपांची आणि उसन्या लॅपटॉपची पिशवी. मशीन नेणं भाग होतं, कारण शेकल्यावर टेप जितक्या लवकर उतरवावी तितकं बरं.

ड्रायर वच्छलाबाईंच्या वाडीत आहे. उताराची काच, आत काळा पत्रा, जाळीचे ट्रे, वर झडप. घरी त्या आणि त्यांचे सासरे तानबा, दोघंच. तानबांचा मुलगा सहा वर्षांपूर्वी विहिरीच्या मोटारीचा शॉक लागून गेला. हे तानबांनी स्वतःच सांगितलं, मी चहा पीत होतो तेव्हा. मोटारीला अर्थिंग नव्हतं का, असं विचारलं, आणि विचारल्याबरोबर वाटलं, नसतं विचारलं तर बरं. तानबा म्हणाले, "नव्हतं शेठ." मी उठून आत्ताच्या मोटारीचं अर्थिंग तपासलं. सुटलं होतं. जोडून दिलं.

बालीची टेप सकाळी ट्रेमध्ये ठेवली. वच्छलाबाई थर्मामीटर पाहून झडप कमी-जास्त करत होत्या. उन्हं उतरल्यावर टेप काढली, गार होऊ दिली, मशीनवर चढवली.

चालली! एकदा सुद्धा किंचाळली नाही. पितळेची शंभर भांडी एका तालात वाजावीत तसा आवाज वांग्यांच्या वाफ्यावरून गेला. बायका काम टाकून आल्या. अनुसयाबाई म्हणाल्या, "हे तं आमच्या घरचं भांडन हाय. फक्त सुरात हाय."

येताना वच्छलाबाईंनी वांगी दिली. "पुन्हा येजा भाऊ."

८ मार्च

महाशिवरात्र. बायकांना उपास, त्यामुळं काम कमी, सगळ्या टेपा ऐकायला बसल्या. नॉर्वेची टेप लावली. एक बाई एकटीच उंच सुरात लांबवर हाका मारते. अनुसयाबाईंनी डोळ्याला पदर लावला. "सासरी निंगाली. मायले हाका मारून राह्यली."

मी टेपच्या डब्यातली अण्णाजींची चिठ्ठी वाचली : डोंगरावरच्या गाईंना घरी बोलावण्याची हाक.

अनुसयाबाई म्हणाल्या, "मंग गाय सासरी जात असंल."

मग इथिओपियाची लावली. म्हातारे पुजारी, काठ्यांचा ठेका, ढोल, फार सावकाश. तानबा बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "हे लोक सकायपासून जेवले नाई." चिठ्ठीवर होतं, उपासाच्या महिन्यातलं गाणं. सगळ्या इतक्या हसल्या की पुढचं ऐकूच आलं नाही. वच्छलाबाई हसतात तेव्हा आवाज करत नाहीत, नुसते खांदे हलतात.

आत्तापर्यंत सहा टेपा उतरल्या.

१९ मार्च

आज शेकायला टेप नव्हती. तरी हिंगणीला गेलो, ड्रायरमधली ओल किती आहे ते मोजून ठेवलेलं बरं म्हणून. ओल ठीक आहे. काल लुना धुऊन घेतली होती, ती रस्त्यात पुन्हा मळली.

एक गोष्ट लक्षात आली. आमच्या टेपा ट्रेमध्ये असतात त्या दिवशी वच्छलाबाई आपली मेथी छपरावर सावलीत टाकतात. ती तितकी चांगली वाळत नाही. मी म्हटलं, तुमचा धंदा बसतो. त्या म्हणाल्या, "मेथी काय, दर साली येते." मग मी त्यांच्या पेटीची झडप आपोआप उघडावी म्हणून एक थर्मोस्टॅट बसवून देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, नको. "मंग मले तिथं बसायचं कामच राह्यनार नाई."

लोकांना सोय नको असते, हा माझा धंद्यातला जुना अनुभव.

२६ मार्च

रंगाचा दिवस आणि माझं तोंड काळं.

तळेगावच्या महादेवाच्या गाण्यांची टेप नासली. अण्णाजींनी त्रेसष्ट साली तळेगाव (श्यामजी पंत) इथं स्वतः उतरवली होती, दोघी बहिणी गायल्या होत्या. पन्नास-साठ सालच्या टेपा वेगळ्या असतात, उजेडात धरल्या की आरपार दिसतात. त्यांना शेकायचं नसतं. मला ठाऊक होतं. मी वाचलं होतं. पण ट्रे भरताना वच्छलाबाई लहानपणची एक गोष्ट सांगत होत्या, केळझरला त्यांच्या मामांची म्हैस कशी देवळाच्या पायऱ्या चढून गेली आणि उतरेना, ती. मी हसत हसत हाताला लागली ती टेप ठेवून दिली. संध्याकाळी पाहतो तर पापडासारखी सुरकुतलेली. चढवली तर तुटली.

वच्छलाबाईंचा चेहरा उतरला. "माह्या बोलन्यानं झालं."

मी म्हटलं, "नाई, माझ्या ऐकन्यानं झालं."

त्या हातानं पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. मला वाटतं रागावल्या असाव्यात.

तसाच वर्ध्याला गेलो आणि अण्णाजींना सांगितलं. त्यांनी दोनदा "काय?" विचारलं. एकदा ऐकू आलं नाही म्हणून, आणि एकदा ऐकू आलं म्हणून. मग बराच वेळ तुटकी टेप बोटावर गुंडाळत बसले.

"थोरलीचा सूर पहाटेच्या कोंबड्यासारखा होता," ते म्हणाले. मी मान खाली घातली. "अरे, पन टेप मेली. गानं मेलं का? ते पाह्यलं का तू?"

मी म्हटलं, नाही पाहिलं.

"मंग माह्या तोंडाकडं काय पाह्यतं? जा."

आता गिवीच्या टेपला हात लावण्याची मला भीती वाटते. तसं त्यांना बोललोही. ते म्हणाले, "भ्यालाच पाह्यजे. म्हनूनच तुले देतो."

४ एप्रिल

अनुसयाबाईंचं माहेर तळेगाव! मी महिनाभर त्यांच्या शेजारी बसतो आहे आणि मला आज कळलं. त्या दोघी बहिणींपैकी धाकटी त्यांची चुलत आत्या. दोघीही आता नाहीत. पण गाणी आहेत, पचमढीला जाणारे लोक म्हणतात ती. अनुसयाबाईंना बरीच येतात, उरलेली बाकीच्यांना थोडी थोडी येतात.

आज दुपारी निंबाखाली उतरवली. नव्या रेकॉर्डरवर, दोन माइक. अनुसयाबाईंनी सुरू केलं, बाकीच्यांनी ओढलं. चौथ्या गाण्याला अनुसयाबाई खोकू लागल्या, तेव्हा वच्छलाबाईंनी पुढचं कडवं उचललं. डोंगर चढताना धाप लागली म्हणून एक बाई महादेवालाच म्हणते, तू जरा खाली सरक, असं काहीसं ते कडवं होतं. आवाज मोठा नाही. थोडा घोगरा आहे. पण सूर असा धरतात की जणू डोक्यावरची भरलेली घागर हात न लावता चालली आहे.

तांत्रिक नोंद : चौथं गाणं रेकॉर्ड झालं नाही. बटण दाबायचं राहून गेलं. असं माझ्या हातून कधी होत नाही. त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी बटण दाबलं, पण आवाजाच्या पातळीच्या काट्याकडं पाहायचं राहिलं.

बायका फार हसत होत्या. मी विचारलं काय झालं. अनुसयाबाई म्हणाल्या, "काई नाई, महादेव आठवला."

अण्णाजींना संध्याकाळी ऐकवलं. उजव्या कानाला हेडफोन दाबून धरला त्यांनी. "ते घोगरी कोन हाय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हे टेप जपजो."

मी म्हटलं, सगळ्याच जपतो.

"हाव, हाव," ते म्हणाले.

२१ एप्रिल

तानबांनी आज विचित्र विचारलं. मी मशीन बांधत होतो. "शेठ, हे टेपा सरल्या का मंग येनार नाई तुमी?"

मी म्हटलं, अजून आठ-नऊ आहेत, मेअखेर होतील.

"अन् मंग?"

"मंग काय. मशीन अण्णाजीकडं."

ते बाजेची सुटलेली सुतळी ओढत बसले. मग म्हणाले, "माह्या पोराच्या मागं ते माहेरी गेली असती तं कोनी नाव ठेवलं नसतं. माह्यासाठी राह्यली." मी म्हटलं, वच्छलाबाई चांगल्याच आहेत. ते म्हणाले, "तेच म्हनतो मी."

म्हातारी माणसं एखादी गोष्ट दोनदा सांगतात.

आणखी एक. वच्छलाबाई आजकाल मला भाऊ म्हणत नाहीत. नुसतं "का जी" किंवा "आयकलं का" म्हणतात. कामाच्या घाईत असतात.

२ मे

ऊन आता सेहेचाळीसवर. झडप जवळजवळ पूर्ण उघडी ठेवावी लागते. गिवीच्या बाकीच्या टेपा झाल्या. तीन आवाज तीन वाटांनी चालत येतात आणि एका चौकात भेटतात, मग पुन्हा वेगळे होतात. काही गाणी दारूच्या बैठकीतली, काही चर्चमधली. चर्चमधली दबक्या आवाजात, बंद खोलीत उतरवलेली. त्या काळी तिकडं देवाचं गाणं उघड म्हणायची पंचाईत होती, असं अण्णाजी सांगतात. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला "गिवी" असा एकच शब्द. वर्षागणिक तो आवाज म्हातारा होत जातो.

आता एकच राहिली.

९ मे

आज ती ठेवली. तीनदा उजेडात धरून पाहिली, आरपार दिसत नाही, म्हणजे शेकायची जातच आहे. तरी चौथ्यांदा उजेडात धरली. वच्छलाबाईंनी माझ्या हातातून घेतली आणि ट्रेवर ठेवली. "आता बोलत नाई मी," त्या म्हणाल्या.

"बोला," मी म्हटलं. "बोललं तं बरं वाटते."

दुपारी वावटळ उठली. धुळीचा लोट वाडीवर आला आणि ड्रायरच्या खालच्या तोंडाची जाळी फाटली. धूळ आत गेली तर टेप गेलीच. मी मशीनकडं धावलो, आणि वच्छलाबाई पेटीकडं. त्यांनी अंगावरचा पदर काढून ते तोंड गच्च बंद केलं आणि डोळे मिटून तशाच बसून राहिल्या. मी पोचलो तेव्हा त्यांच्या पापण्यांवर, केसांवर माती. मी दुसऱ्या बाजूनं काच धरून बसलो. वारा पडेपर्यंत आम्ही दोघं पेटीला धरून बसलो. मला वाटलं, हे आणखी थोडा वेळ चाललं तरी हरकत नाही. टेपच्या दृष्टीनं हा विचार चुकीचा होता.

टेप सुखरूप. उद्या अण्णाजी येणार. मी उतरवून आणून देतो म्हटलं तर म्हणतात, नाही, गिवी जिथं बोलेल तिथं मी असणार.

१० मे

अण्णाजी वर्ध्याहून ऑटोनं आले. पांढरं धोतर, कोट, या उन्हात कोट! तानबांनी आपली बाज दिली. बायका भोवती. वीज नव्हती, बॅटरीवर मशीन लावलं.

मी टेप चढवली. लेप जागोजागी भुरभुरत होता. म्हटलं, बहुतेक एकदाच चालेल. लॅपटॉपवर उतरवणं सुरू केलं आणि बटण दाबलं. या वेळी विसरलो नाही.

खरखर. मग खोकला. मग "गिवी." फार म्हातारा आवाज. अण्णाजी कान स्पीकरला लावून बसले होते, त्यांनी मान हलवली, जणू समोर कुणी येऊन बसलं.

मग गाणं सुरू झालं. तीन आवाज, तीच त्यांची पद्धत, खालचा सूर जमिनीसारखा पसरलेला. शब्द कळेनात. पण काहीतरी ओळखीचं वाटत होतं. मी अण्णाजींकडं पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

वच्छलाबाई एकदम म्हणाल्या, "अगं बाई, हे तं आपलं हाय!"

आणि मग सगळ्यांनाच ऐकू आलं. "गडावरच्या गनराया, उतरून ये रे अंगनात..." केळझरच्या देवळातलं भजन. ते तिकडच्या माणसांनी टेपवरून ऐकून ऐकून पाठ केलं होतं. अर्थ एकालाही ठाऊक नसणार. "अंगणात"चं "अंगनाद" झालं होतं, "रांजणात"चं काय झालं होतं ते सांगता येणार नाही. चाल मात्र खरी, आणि तिच्या खाली-वर त्यांचे दोन सूर, असे की ते भजन आजवर अर्धंच म्हटलं जात होतं असं वाटावं.

"एकाहत्तर साली धाडलं होतं म्या," अण्णाजी म्हणाले. "एकाहत्तर साली."

वच्छलाबाईंना ते मामाच्या गावचं म्हणून पाठ होतं. त्या हळू आवाजात बरोबर म्हणू लागल्या. मग अनुसयाबाई, मग सगळ्या. जॉर्जियाचे म्हातारे आणि हिंगणीच्या बायका. अण्णाजी एका हातानं ताल धरत होते. दुसऱ्या कडव्याला ते रडत रडत ओरडले, "अबे, 'पानी' म्हन, 'बानी' नाई! पानी!" आणि हसायलाही लागले.

शेवटी टाळ्या, पेले आपटल्याचा आवाज, आणि गिवी परत एकदा बोलला. एकच शब्द. "अण्णा."

टेप संपली. हेडवर तपकिरी भुकटीचा ढीग होता. तिच्यात आता काही उरलं नाही. पण आवाज आला आहे, सगळा, मी दोनदा तपासला.

अण्णाजींनी संपलेल्या टेपवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाले, "माइक काढ. त्याले सांगाचं राह्यलं."

"अण्णाजी, एकवीस वर्षं झाली. ते..."

"त्याच्या घरी कोनी असंल का नाई? गावात कोनी गात असंल का नाई?" त्यांनी माइक धरला. घसा साफ केला. "अण्णा. वर्धा." मग बायकांकडं पाहून म्हणाले, "म्हना आता. बराबर म्हना, त्याईले शब्द समजले पाह्यजे."

या गाण्याची सीडी उद्या गिवीच्या जुन्या पत्त्यावर जाईल. 'अण्णा, वर्धा' म्हणताना त्यांचा आवाज चाळीस वर्षांनी तरुण होता.

१६ मे

काम संपलं. सगळ्या टेपांच्या सीड्या झाल्या, तीन संच. एक अण्णाजींकडं, एक माझ्याकडं, एक हिंगणीच्या गटाकडं ठेवला. दहा तारखेला तिथंच राहिलेलं मशीन आज आणायला गेलो.

मी सायकलच्या ट्यूबनं मशीन लुनाला बांधत होतो. वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मशीन इथंच राहू द्या ना जी. रोजचं नेनं-आननं काऊन करता?"

मी त्यांना समजावलं. इथं धूळ फार, विजेचा भरवसा नाही, दाब कमी-जास्त होतो, मोटार जळेल. आणि आता टेपाही नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बरं." आत गेल्या. चहा झाला नाही आज.

रात्री जेवताना आईला सांगितलं. आईनं पोळी लाटता लाटता विचारलं, "ते काय म्हनली? पुन्हा सांग." मी सांगितलं. "अन् तू काय म्हनलं?" मी विजेचा दाब वगैरे सांगितलं.

आईनं लाटणं खाली ठेवलं. "गज्या, ते मशीनीबद्दल नाई बोलून राह्यली रे."

मी म्हटलं, "मग?"

आई माझ्याकडं पाहत राहिली. तिकडं तव्यावरची पोळी करपली. "तीन महिन्यांपासून या घरी मेथीशिवाय दुसरी भाजी नाई," ती म्हणाली. "मले कळलं, भावाले कळलं, गिऱ्हाइकांले कळलं. तुलेच कोनी चिठ्ठी लिहून द्यायची राह्यली होती का?"

मी हात धुऊन बाहेर येऊन बसलो आहे. ही वही सुरुवातीपासून वाचली. टेपांची वही म्हणून वाचायला गेलो, पण टेपा फार थोड्या निघाल्या.

आईला विचारलं, लोक काय म्हणतील. आपण व्यापारी, ते शेतकरी, त्या विधवा, मी या वयाचा. आई म्हणाली, "लोकं म्हनतीनच. लोकं नाई म्हनत तं दुकान कसं चालते?"

१७ मे

सकाळीच गेलो. मशीन परत घेऊन.

त्या टोमॅटो खुडत होत्या. मी वाफ्याच्या टोकाशी उभा राहिलो. येताना वाटेत सगळं ठरवलं होतं, ते सगळं गेलं. मी म्हटलं, "मशीन आनलं."

"धूळ फार हाय इथं," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही.

"झाकून ठेवू."

"दाब कमी-जास्त होते."

"स्टॅबिलायझर बसवतो. वच्छला, मीही... म्हनजे मशीनबरोबर मीही इथं..." पुढं वाक्य जुळेना. आयुष्यभर तुटक्या तारा जोडतो, पण ते जुळेना.

तिनं टोपली खाली ठेवली. "बाबाले सोडून मी कुठं जानार नाई. आधीच सांगून ठेवतो."

"मीच येतो म्हनतो ना. दुकान इथून करता येते. लुना हाय."

"अन् तुमची माय?"

"ते आता धाकट्याजवळ राह्यनार. म्हनली, मी आठवड्याले येईन, पन मेथी सोडून काईही खाऊ घाला."

तिचे खांदे हलले. हसते आहे की रडते आहे, पाठमोरी असल्यानं कळेना. तेवढ्यात तानबा बाजेवरून ओरडले, "वच्छले! शेठले विचार, भाकरी किती खाते. मी लय खानाऱ्याले घरात घेत नाई!"

"तीन," मी म्हटलं.

"चालते," तानबा म्हणाले.

वच्छलेनं टोपली उचलली आणि माझ्या हातात दिली. "उद्या पेटीत कांद्याचा घाना लावाचा हाय. सकाळी सहाले येजा. अन् शर्ट जुना घालून येजा, रसाचे डाग निंघत नाई." आणि आत गेली, चहा ठेवायला.

यात हो आलं की नाही ते मला अजून नीट कळलेलं नाही. घरी येऊन आईला शब्दाला शब्द सांगितलं आणि विचारलं. आईनं कपाळावर हात मारला, देवापुढं साखर ठेवली आणि माझी ट्रंक उघडून जुने शर्ट शोधायला बसली.